दोन्ही बाह्या डाव्या

६ जानेवारी

वहिनींना,

साष्टांग नमस्कार घालायचा तर गुडघ्यांची परवानगी काढावी लागेल, म्हणून खुर्चीतूनच नमस्कार. परवा तुम्ही फोन केलात तेव्हा आपण दोघांनी मिळून 'बरं आहे ना' आणि 'बरं आहे' एवढंच बोलून तो ठेवून दिला. फोनवर मला काही सुचतच नाही. कागदाचं बरं असतं, तुम्ही मधेच 'हॅलो, हॅलो' करत नाही.

दुकान चाललंय. तयार कपडेवाल्यांनी आमच्या पोटावर पाय दिला, पण ज्यांची पोटं पुढे आलीत ती मंडळी अजून माझ्याकडेच येतात. त्यांच्या मापाचं तयार काही मिळत नाही.

आता एक गंमत सांगतो, पण हसायचं नाही. बँकेच्या मॅनेजरचा कोट शिवला. कापड, अस्तर, खांदा, सगळं मनासारखं. ट्रायलला त्यांनी उजवा हात घातला तर हात मागेच वळून राहिला. बघतो तर दोन्ही बाह्या डाव्या! वहिनी, मी इतकी वर्षं कात्री चालवतोय, शिकाऊ होतो तेव्हाही ही चूक केली नव्हती. मॅनेजर भला माणूस. 'मास्तर, मला डावखुरा करून टाकलंत की' म्हणाला. कापड उरलं होतं म्हणून अब्रू वाचली. उजवी बाही नव्याने बेतली. दोष सगळा चष्म्याचा. नंबर वाढला असणार, खडूची रेघ धड दिसत नाही.

डोकं मात्र शाबूत आहे. दादाला पहिला पगार झाला तेव्हा मी त्याला शर्ट शिवला होता, त्याचं माप आजही तोंडपाठ आहे. कॉलर साडेपंधरा.

तुमची मुलगी तिकडून फोन करते ना? का तिलाही माझ्यासारखं सुचत नाही?

तुमचा
दीर


१७ जानेवारी

भावोजी,

अनेक आशीर्वाद, तुमच्या गुडघ्यांनाही. हसायचं नाही म्हणालात म्हणून तोंडाला पदर लावून हसले. मुलीचा फोन येतो. तिच्याकडे सकाळ असते तेव्हा माझी झोपायची वेळ असते, त्यामुळे दोघींपैकी एकजण नेहमी जांभई देत असते.

माझी काळजी करू नका. वरच्या मजल्यावरच्या बाई येतात संध्याकाळी पत्ते खेळायला. परवा त्यांनी राणी मांडीखाली लपवली. मी पकडली तर म्हणतात कशा, 'ती आपणहून तिथे गेली.' वेळ कसा जातो कळत नाही.

बाहीची गोष्ट मी पुन्हा एकदा वाचली. दुसऱ्या खेपेला हसू आलं नाही. दोन-चार गोष्टी विचारते, सरळ उत्तर द्या. चालताना पाय नीट उचलले जातात का? काम करताना हात मधेच थांबतो का? आणि ब्लडप्रेशर शेवटचं कधी मोजलंत? दुकानावरची पाटी कधी रंगवलीत ते तुम्हाला माहीत असतं, म्हणून विचारते.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनींना नमस्कार.

हे पत्र होतं की उलटतपासणी? डोळ्यांच्या दवाखान्यात आयुष्यभर लोकांच्या डोळ्यांत थेंब घातलेत ना, त्याचा हा परिणाम. समोर माणूस दिसला की तुम्हाला त्याची मान वर करावीशी वाटते.

पाय आहेत, चालतात. समोरचा इस्त्रीवाला म्हणतो, 'मास्तर, जरा पाय उचलून टाका, रस्ता झिजेल.' त्याच्या तोंडी कोण लागणार. ब्लडप्रेशर मोजलेलं नाही. काही दुखत नसताना विकतचं दुखणं कशाला घ्यायचं?

हात मात्र मंदावलाय, हे खरं. पूर्वी कापड अंथरलं की अख्खा कोट डोळ्यांपुढे यायचा. हा तुकडा आधी, तो मग. हल्ली कापड अंथरतो आणि कात्री धरून उभा राहतो. मागच्या आठवड्यात अस्तर लावून झाल्यावर लक्षात आलं की खिसे राहिलेत. सगळं उसवलं. उसवणं मात्र झकास जमलं, त्याला डोकं लागत नाही.

आणखी एक विचित्र झालं. रेडिओवर हवामानाची बातमी चालू होती, उद्या आकाश निरभ्र राहील म्हणत होते, आणि मला रडूच आलं. त्यात रडण्यासारखं काय होतं सांगा. रडून झाल्यावर चहा केला. हे कुणाला सांगू नका. सांगायला माझ्याकडे तुमच्याशिवाय आहे कोण म्हणा, म्हणून तुम्हाला सांगितलं.

चष्म्याचं बघतो सवडीने. वरच्या बाईंना नमस्कार.

दीर


१० फेब्रुवारी

भावोजी, आशीर्वाद.

सवडीने नको, याच आठवड्यात बघा. चष्म्याचं मलाही पटलं. दिसत नसेल तर बाह्या काय, पाय कुठे आणि डोकं कुठे तेही कळायचं नाही.

पण कोपऱ्यावरच्या दुकानात यंत्राला हनुवटी टेकवून नंबर काढू नका. डोळ्यांच्या डॉक्टरकडेच जा. साठीनंतर नंबर काढायचा तर थेंब घालून बाहुली मोठी करतात आणि डोळ्याचा मागचा पडदा बघतात. त्याशिवाय हल्ली चष्मा देतच नाहीत, तसा नियमच आहे. तुम्ही आपणहून म्हणा, 'पडदा नीट बघा आणि काय दिसतं ते मला सांगा.' थेंब घातल्यावर बराच वेळ धूसर दिसेल, तेव्हा त्या दिवशी कात्रीला हात लावायचा नाही.

एवढं माझं ऐका. पुन्हा काही सांगणार नाही. (सांगेन, पण एवढं ऐका.)

वहिनी


२६ फेब्रुवारी

वहिनी,

गेलो. थेंब घातले. डॉक्टरीणबाई वयाने लहान होती. आधी एका, मग दुसऱ्या डोळ्यात उजेड पाडून तिने पडदा बघितला. मग म्हणाली, 'काका, चष्म्याचा नंबर आहे तोच आहे.' तुमचा तो नियम विचारला तर हसली. असा कुठलाही नियम नाही.

पडद्यावरच्या रक्तवाहिन्या आक्रसल्यात, मधेमधे रक्ताचे ठिपके आहेत, असं म्हणाली. अंगातल्या रक्तवाहिन्या उघड्या दिसतात त्या एवढ्या एकाच जागी, आणि इथे अशा असतील तर मेंदूतही अशाच असण्याची शक्यता आहे. तिथल्या तिथे दंडाला पट्टा बांधून प्रेशर मोजलं. आकडा बघून ती मला एकट्याला सोडायला तयार होईना. 'घरी कोण आहे?' विचारलं. मी म्हणालो, शिलाई मशीन आहे. बाकीचे पेशंट हसले. ती हसली नाही. मोठ्या हॉस्पिटलासाठी चिठ्ठी लिहून दिली, मगच सोडलं.

तुम्हाला आधीच माहीत होतं. चष्म्याचा बहाणा करून मला त्या खुर्चीत बसवलंत. मी माप घेताना गिऱ्हाइकाशी कधी खोटं बोललो नाही. पोट जेवढं असेल तेवढं तोंडावर सांगतो. तुम्हीही मला तोंडावर सांगायला हवं होतं.

दीर


४ मार्च

भावोजी,

खोटं बोलले, कबूल. 'मेंदू' असा शब्द काढला असता तर तुम्ही घराबाहेर पाऊल टाकलं नसतं. चष्मा म्हटल्यावर गेलात. पुन्हा वेळ आली तर पुन्हा बोलेन.

आता तोंडावर सांगते. तुमच्या दादांना शेवटच्या वर्षांत तुम्ही पाहिलंत ते पाहुणे म्हणून. पाहुण्यांपुढे ते छान असायचे. पाणीखात्यातल्या जुन्या गोष्टी, कुठल्या गल्लीत कुठला व्हॉल्व्ह, सगळं घडाघड सांगायचे. तुम्ही जाताना म्हणायचात, 'दादाची स्मरणशक्ती बघा!' तुमच्यामागे दार लावलं की ते खुर्चीत बसायचे आणि बसूनच राहायचे. सकाळी शर्टात एक हात घालून उभे असायचे, पुढे काय करायचं ते सुचायचं नाही. मी बोलले की चिडायचे, मग गप्प. मला वाटलं, यांचं माझ्यावरून मन उडालं. एका घरात दोन माणसं आणि बोलायला कोणी नाही. ते गेल्यानंतर मी एकटी आहेच, पण ते असतानाचा एकटेपणा याच्यापेक्षा वाईट होता.

मोठा झटका आला तेव्हा हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडापुढे धरला. म्हणाले, हा झटका काही पहिला नाही. छोटे छोटे बरेच येऊन गेलेत, कुणाला कळले नाहीत. रक्तदाबाने बारीक रक्तवाहिन्या जाड होतात, आतून अरुंद होतात, आणि टोकाला रक्त पोचत नाही. मला ते लगेच समजलं. जुन्या पाइपात क्षार चढले की शेवटच्या घरांना पाणी मिळत नाही, हे मी यांच्याच तोंडून जन्मभर ऐकलं होतं. डॉक्टर म्हणाले, 'यात आठवण लगेच जात नाही. आधी काय करायचं आणि मग काय, ते जातं. म्हणून घरच्यांच्या लक्षात येत नाही.'

तुमच्या त्या बाह्या, ते राहिलेले खिसे, रस्ता झिजवणारे पाय, हवामानाची बातमी ऐकून आलेलं रडू. मी काय ओळखणार नाही? यांच्या वेळी कोणी सांगणारं नव्हतं. तुमच्या वेळी मी आहे. माझ्यावर हवं तेवढं रागवा, पण त्या डॉक्टरीणबाईने सांगितलंय तिथे जा आणि गोळी सुरू करा.

वहिनी


२ एप्रिल

भावोजी,

उत्तर नाही. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. तुमच्या इस्त्रीवाल्याचा नंबर असता तर त्याला विचारलं असतं.

रागावला असाल तर तसं लिहा. चार शिव्या लिहा, मी वाचेन. पण काहीच न येणं मला सहन होत नाही. पोस्टमन खालच्या पेट्यांत पत्रं टाकून जातो, तो गेल्यावर मी जिना उतरते. त्याच्यासमोर रिकामी पेटी उघडायला नको वाटतं.

मी येऊ का? एका शब्दाचं कार्ड टाकलंत तरी चालेल.

वहिनी


१९ एप्रिल

वहिनींना नमस्कार, खुर्चीतूनच.

राग केव्हाच गेला. तुमच्यावर फार दिवस रागावून परवडत नाही, दुसरं आहे कोण रागवायला? फोन उचलला नाही कारण तुम्ही 'बरं आहे ना' विचारलं असतंत आणि मला 'बरं आहे' म्हणता आलं नसतं.

मेंदूचा फोटो काढला. पांढरे डाग आहेत, न कळता येऊन गेलेल्या झटक्यांचे, जुने. दादाच्या फोटोत होते तसेच असणार. मग एक बाई परीक्षा घ्यायला आली. काही शब्द सांगितले, इकडचं तिकडचं बोलली, आणि पुन्हा ते शब्द विचारले. सगळेच्या सगळे सांगितले. 'काका, तुमची आठवण उत्तम आहे,' म्हणाली. माझी कॉलर ताठ.

मग तिने एक कागद पुढे ठेवला. आकडे आणि अक्षरं विखुरलेली. रेघ ओढत एकवरून अ-वर जायचं, मग दोनवर, मग आ-वर. एवढंच. वहिनी, मी एकवरून अ-वर गेलो आणि अ-वरून सरळ आ-वर. तिने पुन्हा समजावलं. मी पुन्हा आ-वरच. चुकतंय हे मला दिसत होतं, तरी हात तिकडेच जायचा. कोटाचे सगळे तुकडे मी मनात मांडून ठेवायचो, आणि हे पोरखेळाचं कोडं सुटेना. पेन्सिल खाली ठेवली आणि त्या बाईसमोर रडलो. तिने उठून पंखा मोठा केला आणि खिडकीबाहेर बघत बसली. भली बाई.

गेलं ते परत यायचं नाही म्हणतात. पण प्रेशर ताब्यात ठेवलं, मीठ कमी केलं, रोज चाललो, तंबाखू सोडली, तर उरलंय ते टिकण्याची आशा आहे. तंबाखू सोडली. सगळ्यात जड तेच गेलं, संध्याकाळची तेवढीच सोबत होती.

बेतणं बंद केलं. कोणी कोटाचं कापड घेऊन आलं की सांगतो, हातात फार काम आहे. अल्टर करतो, काजं-बटणं करतो, पँटी तोकड्या करतो. पाटी तशीच ठेवलीय. लोक अजून मास्तर म्हणतात.

येऊ का विचारलंत. नको. इथे मी अजून मास्तर आहे. तुम्ही आलात की मी पेशंट होईन. एवढं राहू द्या मला.

दीर


१ मे

भावोजी, अनेक आशीर्वाद.

पत्र आलं, जीव भांड्यात पडला. त्या कागदाचं मनाला लावून घेऊ नका. रडलात तेही बरं झालं, तुमचे दादा एकदाही रडले नाहीत.

रात्री झोपण्यापूर्वी सकाळची गोळी चहाच्या पालथ्या कपाखाली ठेवत जा. कप उचलल्याशिवाय चहा घेता येत नाही, आणि कप उचलला की गोळी दिसते. आधी काय, मग काय याची कटकट नाही. अंथरुणातून उठलात की जरा बसा, लगेच उभे राहू नका. दिवसा एका वेळी एकच काम काढा, ते संपलं की दुसरं. इस्त्रीवाल्याबरोबर सकाळी चालायला जा. तोंडाळ असला तरी तुम्हाला बघतो तरी.

नको म्हणालात, नाही येणार. बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात जायची सवय मलाही नाही. आणि मला इथून निघणं तरी कुठे जमतंय? वरच्या बाई रोज हजर. काल चौकटचा गुलाम कुठे गेला म्हणून सगळं घर शोधलं, तर चहाच्या बशीखाली निघाला. हसून हसून पोट दुखलं. तुम्ही माझी अजिबात चिंता करू नका, माझं उत्तम चाललंय.

वहिनी


२१ मे

वहिनी,

हे पत्र लिहायला बरेच दिवस लागले. आधी काय लिहायचं आणि मग काय, ते लावून घ्यावं लागतं. कुठे मागेपुढे झालं तर तुम्ही जुळवून घ्या.

वरच्या मजल्यावरच्या बाईंबद्दल लिहायचंय. त्या तुमच्या वर राहत नाहीत. कधीच्याच मुलाकडे राहायला गेल्या. जाताना तुम्हाला त्यांच्या कुंड्या देऊन गेल्या, तुळस होती आणि एक लाल फुलांची. दोन वर्षांपूर्वी तुम्हीच मला लिहिलं होतंत. जिन्यात टेम्पोवाले ट्रंक घेऊन उतरत होते आणि तुम्हाला बाजूला व्हायलाही सुचेना, असं लिहिलं होतंत.

जानेवारीत तुमच्या पत्रात त्या पत्ते खेळायला आल्या तेव्हा मला घामच फुटला. वाटलं, त्या गेल्या हे मी मनानेच रचलं की काय. बाह्यांचं चष्म्यावर ढकलता आलं, हे कशावर ढकलणार? तुम्हाला विचारायचाही धीर झाला नाही, नुसता नमस्कार लिहिला. डॉक्टरांकडे जायला मी उशीर केला त्यात हेही एक कारण होतं. मग त्या परीक्षावाल्या बाईने सांगितलं की आठवण उत्तम आहे. एप्रिलपासून मी मनाशी ताडून बघतोय. माझी आठवण चांगली आहे वहिनी. तुम्हीच विसरलात की मला सांगून बसलाय.

तुमच्याकडे कोणी येत नाही. ते पत्ते दोघींचे तुम्हीच वाटता का?

मी रागावून लिहीत नाही. मला वाईट वाटलं. इतके दिवस मला वाटायचं, एकटा मी आणि तुमच्याकडे रोज हसणं-खिदळणं. आपण दोघं एकमेकांना 'बरं आहे' सांगत बसलो, फोनवरही आणि पत्रातही.

बेतायचं टेबल इस्त्रीवाल्याला देऊन टाकलं. ते गेल्यापासून दुकानामागची माझी खोली मोठी दिसते, नको इतकी मोठी. काल टेप घेऊन मोजली. खिडकीकडच्या भिंतीला तुमची खाट बसते, पायथ्याशी कपाटालाही जागा राहते. मोजण्यात मी अजून चुकत नाही, तरी दोनदा मोजलं. लोक काही बोलले तर बोलू देत, बोलायच्या निमित्ताने दुकानाची पायरी तरी चढतील.

तुम्ही आलात की मी पेशंट होईन, असं म्हणालो होतो. ते खरंच आहे. पण तुम्ही नसलात म्हणून मी मास्तर राहतो असंही नाही. गोळी घेतो, चालतो, प्रेशर उतरलंय. डॉक्टर म्हणतात, पुन्हा झटका वगैरे काही होईल की नाही ते आज सांगता येत नाही. कदाचित होणारही नाही. झालं तर काय होईल ते मात्र मला आता कळलंय. मला सगळं आठवत असेल. तुमचा आवाज ओळखेन, दादाच्या कॉलरचं माप सांगेन. तुम्ही बाहेरून हाक मारत असाल आणि मी आत बसून ती ऐकत असेन. आधी उठायचं, मग कडी काढायची, एवढंच मला जुळणार नाही. याची मला फार भीती वाटते. एकट्याला वाटते तेव्हा जास्त वाटते.

वहिनी, तुम्ही या. पत्राला उत्तर लिहीत बसू नका. दार मला अजून उघडता येतंय, तोवर या.

तुमचा
दीर